मोहोर बघून आकडा बोलणारा

प्रश्न : मी रत्नागिरीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर आरे-वारेत, घरची हापूसची थोडी कलमं आहेत. फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट व्हायचं मनात आहे. पण हा माणूस दिवसभर नक्की करतो काय, हे घरच्यांना समजावता येत नाही. आणि मुंबईत ओळखीचं कुणी नसताना या क्षेत्रात शिरायचं कसं?

उत्तर : घरच्यांना सांगायला उदाहरण तुमच्या बागेतच आहे. थंडीत मोहोर धरला की बाग कराराने घेणारा व्यापारी येतो. कलमाखाली उभा राहून मान वर करून बघतो, तुडतुडा लागलाय का पाहतो. फवारणी, राखण, पेट्या, गाडीभाडं यांचा हिशेब मनात मांडतो. वाशीत मार्चला काय भाव लागेल, मेमध्ये किती उतरेल, याचा अंदाज घेतो आणि एक आकडा बोलतो. आंबा अजून झाडावर नाही, पण त्याची आजची किंमत ठरली! अ‍ॅनालिस्टचं काम हेच. फक्त कलमाच्या जागी कंपनी असते, आणि अंदाज मनात न ठेवता एक्सेलमध्ये मांडून लेखी द्यावा लागतो. तो चुकला की चारचौघांत दिसतो.

ब्रोकरकडचा अ‍ॅनालिस्ट शेअर महाग की स्वस्त ते सांगतो. १९८७ साली सुरू झालेल्या क्रिसिलसारख्या पतमापन संस्थेतला मुख्यतः कर्ज वेळेवर फिटेल का, ते पाहतो. कंपनीच्या आत बसून खर्च-उत्पन्नाचे अंदाज बांधणारेही पुष्कळ. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण नोकऱ्या तिथेही असतात. मोबाइलवर ‘आज हा शेअर घ्या’ म्हणणारे मात्र यात धरू नका. असा सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीचे २०१४ पासून नियम आहेत, नोंदणी लागते.

आता शिरायचं कसं. सुरुवात घराजवळच्या कंपन्यांपासून करा. तुमच्या दक्षिणेला, रत्नागिरी ओलांडून रनपार-गोळपला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना आहे. उत्तरेला मालगुंडच्या पुढे जयगड बंदर, जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरचं. या कंपनीचा शेअर ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आला. दोन्हींचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. फिनोलेक्सचे पाच वर्षांचे आकडे स्वतःच्या हाताने तक्त्यात भरा. मग प्रश्न विचारा. भर पावसाच्या तिमाहीत पीव्हीसी पाइपांची विक्री का मंदावते? (शेतकरी पाइप कधी टाकतो, ते आठवा.) पीव्हीसीचा भाव उतरू लागला की दुकानदार माल उचलायचा का थांबतो? उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून. हे कळलं की नफ्याची रेघ वरखाली का होते, ते आपोआप उलगडतं.

परीक्षांचं म्हणाल, तर एनआयएसएमची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा आधी द्या. बाकीच्यांच्या मानाने ती स्वस्त आहे. सीएफएच्या तीन पायऱ्या आहेत, पहिली पदवीच्या शेवटच्या वर्षातही देता येते, पण फी डॉलरमध्ये. सीए असेल तर उत्तमच. लाखभर रुपयांच्या ‘नोकरीची हमी’वाल्या क्लासला मात्र वडिलांना पैसे भरायला लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत तो तक्ता न्या आणि त्यावरच बोला.

पहिला तक्ता झाला की या सदराकडे पाठवा. त्याआधी लाख आणि कोटींचे रकाने एकदा तपासा. माझ्या पहिल्या तक्त्यात नेमकी तीच गल्लत झाली होती.