बाह्य साठवण-साधने व संगणकाचे बंद पडणे

सेलूसारख्या तालुक्यात शाळेची गुणपत्रके व पटनोंदी पेनड्राइव्हवर किंवा बाह्य हार्ड डिस्कवर ठेवल्या जातात. असे साधन जोडताच संगणक ‘हँग’ झाला, तर शिक्षकाने प्रथम कारण शोधावे.

पुष्कळदा मूळ विजेत असते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलीअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलीअँपिअर प्रवाह मिळावा असे प्रमाण आहे. फिरती तबकडी सुरू होताना याहून अधिक ओढू शकते. मग दाब घसरतो. अशा वेळी आखूड केबल घ्यावी व साधन पेटीच्या मागील पोर्टला जोडावे. तो थेट मुख्य फलकावर असतो.

तरीही दोष राहिल्यास सर्व साधने काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि एकेक जोडीत जावे. तेच साधन दुसऱ्या संगणकासही अडवीत असेल, तर दोष बहुधा साधनाचाच. डिस्क टकटक वाजू लागली असेल, तर दुरुस्तीची आज्ञा देण्यापूर्वी वाचता येईल तेवढे उतरवून घ्यावे; दुरुस्तीच्या ताणाने उरलेलेही जाऊ शकते. (वर्षाच्या नोंदींची एकच प्रत ठेवणे हा तर निष्काळजीपणाच होय.)

लेखन संपलेले दिसले तरी काही मजकूर संगणकाच्या स्मृतीतच असतो. म्हणून साधन उपटू नये, सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा देऊन मगच काढावे.