गाडीचे तारे कसे वाचावेत?

धंद्यासाठी गाडी घेताना आपले व्यापारी बांधव आधी भाव विचारतात, मग मायलेज. आता तिसरा प्रश्नही कानावर येतो : गाडीला तारे किती? १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ‘भारत एनकॅप’ योजना सुरू झाली. टक्कर-चाचणी घेऊन मोटारीला पाचपैकी तारे दिले जातात. हे तारे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, ते ग्राहकाने समजून घेतले पाहिजे.

समोरच्या टकरीच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. चालकाच्या बाजूचा दर्शनी ४० टक्के भागच अडथळ्याला भिडतो. आत पट्टा बांधून बाहुले बसवलेले असतात. त्यांच्या डोक्याला, छातीला व पायांना किती मार बसला, हे यंत्रे मोजतात.

मग प्रत्यक्ष रस्त्यावर हा निकाल खरा ठरतो काय? बऱ्याच अंशी होय. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ ही संस्था अशाच चाचण्या घेते. तिने खऱ्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. समोरच्या टकरीच्या चाचणीत ‘चांगला’ शेरा मिळालेल्या गाडीत चालक दगावण्याचा धोका ‘वाईट’ शेऱ्याच्या गाडीपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळला. बाजूच्या धडकेत हा फरक ७० टक्के होता.

परंतु मर्यादाही आहेत. पहिली मर्यादा वजनाची. अडथळ्यावर गाडी आदळते, तेव्हा ती जणू आपल्याच वजनाच्या गाडीवर आदळते. २००९ मध्ये याच संस्थेने स्मार्ट, होंडा फिट व टोयोटा यारिस या लहान गाड्या त्याच कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांवर समोरासमोर आदळवल्या. अडथळ्याच्या चाचणीत ‘चांगल्या’ ठरलेल्या या तिन्ही गाड्या येथे ‘वाईट’ ठरल्या. म्हणून ताऱ्यांची तुलना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच करावी.

दुसरी मर्यादा वेगाची. वेग ६४ वरून ९० वर गेला, की धडकेची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. चाचणी त्या वेगाची हमी देत नाही.

तिसरी गोष्ट मालाची. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे किंवा अवजारांची पेटी मोकळी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ६४ च्या वेगातील गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलोची पेटी सुमारे ३६० किलोच्या जोराने पुढच्या माणसाच्या पाठीवर येते. तिथे तारे काय करणार?

शिवाय भारत एनकॅप ही प्रवासी मोटारींसाठी आहे, तीही ऐच्छिक. मालवाहू टेम्पो व पिकअप तिच्यात येत नाहीत. तेव्हा पिकअप घेणाऱ्याने एअरबॅग व एबीएस ब्रेक आहेत की नाहीत, हे स्वतः विचारून घ्यावे.

सारांश, सारख्या वजनाच्या दोन गाड्यांत जिचे तारे जास्त ती घ्यावी, माल दोरीने घट्ट बांधावा आणि मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा. चाचणीतल्या बाहुल्याला पट्टा बांधलेला असतो, आणि तारे त्याच हिशेबाने मिळालेले असतात.