दुधीचा ग्लास, हळदीची कॅप्सूल

दुधी भोपळा म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेली भाजी. आजारातून उठलेल्याला मूगडाळ घालून द्यावी, लहान मुलांसाठी थालीपिठात दडवावी, पाहुणे आले तर हलवा करावा. अशा भाजीसाठी आयसीएमआरला, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सर्वोच्च संस्थेला, तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. निमित्त झाले २०१० साली दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाच्या मृत्यूचे. सकाळी नेहमीप्रमाणे दुधी आणि कारल्याचा रस घेतला, तो त्या दिवशी फार कडू लागला, तरी पिऊन टाकला.

दोष होता क्युकरबिटासिन या द्रव्याचा. काकडी, दुधी, दोडका, पडवळ या वेलवर्गातल्या झाडांचे ते किडींपासून बचाव करण्याचे हत्यार. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचेच बी राखल्यामुळे बाजारातल्या दुधीत ते नगण्य असते. मात्र एखादे फळ कडूजहर निघते. भाजीत हे पहिल्या घासाला कळते आणि पातेले बाजूला सरकते. रसाची गोष्ट वेगळी. आवळा, पुदिना, कारले घातले की कडूपणाचा उगम कळत नाही, आणि ‘औषध कडूच असायचं’ असे म्हणत माणूस नाक दाबून अख्खा ग्लास घशाखाली ढकलतो. थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून दुखणे, कधी रक्ताची उलटी, मग रक्तदाब घसरणे. यावर उतारा असे औषध नाही. सलाइन लावून, रक्तदाब सावरून रुग्णाला तारून न्यावे लागते.

समितीने सांगितलेली खबरदारी कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात पाळली जात होती: चिरण्याआधी एक चकती चाखून बघावी, कडू लागली तर फळ फेकून द्यावे. ते शिजवूनही खाऊ नये, कारण उष्णतेने हे द्रव्य नष्ट होत नाही. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. आणि रस प्यायल्यावर मळमळले, तर लिंबूपाणी घेऊन वाट बघत न बसता सरळ रुग्णालय गाठावे. बागेच्या फाटकाशी स्टीलच्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या रसातला दुधी कुणी चाखला होता का, हे मात्र गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. तिथला दुधीचा रस टाळलेलाच बरा.

कारल्याचा कडूपणा वेगळ्या घटकांचा, त्याची एवढी धास्ती नको. पण मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना उपाशीपोटी ग्लासभर कारल्याचा रस घेतला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी अशी लक्षणे दिसली तर तीन-चार चमचे साखर आधी तोंडात टाकावी. भरल्या कारल्याला अर्थातच कुणाची हरकत नाही.

हळदीबद्दल बोलताना मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि पेटंटच्या लढ्याची आठवण निघते. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेतले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने १९९७ साली रद्द करून घेतले. त्या विजयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ही गोष्ट भारतात आधीपासून ठाऊक होती, एवढेच तिथे सिद्ध झाले. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, हे नव्हे. कुत्रा चावलेल्या जागी हळद किंवा चुना भरून येणारे लोक आजही दवाखान्यांत दिसतात. त्या जखमेला हवे पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी, आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

पोटात घ्यायच्या हळदीचे गणित आणखी गमतीचे आहे. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे चमचाभर, तीन ग्रॅम हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आतच. त्यातलेही शरीर फारच थोडे शोषून घेते. म्हणून कॅप्सूल बनवणारे पाचशे मिलिग्रॅम कर्क्युमिन भरतात आणि वर मिऱ्यातले पायपरिन घालतात. पायपरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण वीस पटींपर्यंत वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले होते. जाहिरातीत हाच आकडा अभिमानाने छापला जातो. मात्र शोषण वाढले की यकृतावरचा भारही वाढणार. इटलीत २०१९ साली अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये काविळीचे रुग्ण एकामागून एक आढळले आणि तिथल्या आरोग्य खात्याला बाटल्यांवर इशारा छापायला लावावे लागले. फोडणीतली हळद पिढ्यान्‌पिढ्या पोटात जाते आहे. एवढी आणि अशा रूपात ती कधीच गेली नव्हती.

गुळवेलीचेही तसेच झाले. एरवी तापानंतर चार दिवस घेतला जाणारा काढा करोनाच्या काळात घरोघरी महिनोन्‌महिने उकळत राहिला. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेणाऱ्या या रुग्णांच्या यकृताला सूज आली होती. शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच यकृतावर हल्ला चढवावा, तशी. पुढे देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाला हे पटले नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद तज्ज्ञांना लढवू द्यावा. कुंपणावरची वेल ओरबाडून काढा करणाऱ्याला त्यातून एकच बोध पुरेसा आहे: कोणती वेल आणली, याची त्याला खात्री नसते. ज्यांना थायरॉइडचा किंवा संधिवाताचा प्रतिकारशक्तीशी निगडित विकार आहे, त्यांनी हा प्रयोग करूच नये. काढा चालू असताना अन्नावरची वासना गेली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, तर काढा थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.

वनस्पतीत गुणच नसतो, असा याचा अर्थ काढणारे डॉक्टरही चुकतात. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे पन्नास रुग्णांवर तपासून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. तिच्यातून काढलेले रेसर्पिन पुढे देशोदेशी वापरले गेले. त्याबरोबर नाक चोंदणे, पोटातले व्रण आणि मन खिन्न होणे हे त्रासही नोंदले गेले, आणि यथावकाश त्याची जागा नव्या औषधांनी घेतली.

मूत्रपिंडे अधू असलेल्यांसाठी तर नियमच उलटे होतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. निरोगी माणूस जास्तीचे लघवीवाटे टाकून देतो, या रुग्णाच्या रक्तात ते साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. करमर, म्हणजे स्टारफ्रूट, त्याहून घातक. तिखटमीठ लावून शाळेबाहेर मिळणाऱ्या त्या फोडी मुलांना बाधत नाहीत. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र एका फळाने न थांबणारी उचकी लागते, मग बरळणे आणि झटके. उचकी लागताच गावठी उपाय करत बसू नये.

ज्येष्ठमध घशाला आराम देतो, पण रोज चघळला तर शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसलेल्या रुग्णाच्या खिशात ज्येष्ठमधाची कांडी आहे का, हे एकदा विचारून बघावे.

बाळगुटीत आजीला वेढ्यांचा हिशेब असे: सहाणेवर जायफळाचा एक, हळकुंडाचे दोन. आता तयार पूड मधात कालवून चाटवतात, तो हिशेब गेला. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नये. त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळ लुळे पडू शकते. गुटीतले वेखंड तर अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. पहिले सहा महिने आईचे दूध पुरते. वर्ष उलटलेल्या मुलाच्या खोकल्यावर मात्र रात्री चमचाभर मध खरोखर चांगला उपाय आहे.

इसबगोलाचे कौतुक अजून थोडे जास्त व्हायला हवे. बद्धकोष्ठाबरोबर ते कोलेस्टेरॉलही थोडे उतरवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ साली तसा दावा वेष्टनावर छापायची परवानगी दिली. मोठा ग्लासभर पाणी प्यावे, नाहीतर भुसा घशात फुगून अडकतो. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे.

‘काही औषध चालू आहे का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला बहुतेक जण नकार देतात, कारण काढा, चूर्ण, रस यांची गणती ते औषधांत करत नाहीत. पुढच्या भेटीला त्या बाटल्याच पिशवीत घालून न्याव्यात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल आठवडा-दोन आठवडे आधी, सर्जनना सांगून, थांबवाव्यात. रक्त गोठायला त्या अडथळा आणू शकतात. आमटीतला लसूण चालू राहू द्यावा.