ताकदीची सेडान, मदतीला कॅमेरा

प्रश्न : आम्ही साताऱ्याला राहतो. कामासाठी मला दर आठवड्याला पुण्याला जावं लागतं. नवीन गाडी घ्यायची आहे आणि मुलगा दीडशे हॉर्सपॉवरच्या टर्बो सेडानवर अडून बसला आहे. त्यातही त्याला ‘अडास’ हवंच आहे. एवढी ताकदवान गाडी घ्यायची आणि ब्रेक लावायला, लेन सांभाळायला तिलाच सांगायचं, हे कशासाठी? शिवाय आई-वडिलांना घेऊन गावी जायचं तर अशी बुटकी गाडी रोजच्या वापराला जमेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘गाडी स्वतः ब्रेक लावते’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. शोरूममध्ये त्या एका दमात सांगितल्या जातात, म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

पहिल्या प्रकारात एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) येतात. एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं आणि त्याच कंपनीने 1995 मध्ये ईएसपी, म्हणजे आजचं ईएससी, आणलं. प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय, तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, एवढंच ही ईएससी यंत्रणा पाहते. तुम्ही मागितलेलं वळण आणि मिळालेलं वळण यांचा मेळ बसला नाही, की नेमक्या एका चाकाला ब्रेक लागतो आणि इंजिनचा जोर कमी केला जातो. समोर ट्रक आहे की म्हैस, याच्याशी तिला देणंघेणं नाही, त्यामुळे अंदाज चुकण्याचा प्रश्नही फारसा येत नाही.

हिचं मोल पटायला एक जुनी घटना सांगतो. 1997 मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास नुकतीच बाजारात आली होती. स्वीडनमधल्या एका मासिकाने अचानक आडवं आलेलं जनावर चुकवण्याची चाचणी घेतली, आणि त्यात गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि तोवर महागड्या गाड्यांपुरतं असलेलं ईएसपी या छोट्या गाडीत सरसकट दिलं. आपल्याकडच्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या चाकणला बनणाऱ्या सेडानचंच पाहा. दीड लिटरचं टर्बो इंजिन 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क देतं, आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर येतो. पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात, वळणावरच ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला, तर चाकं घसरू लागताच सावरायला हीच यंत्रणा येते. चालवण्याची मजा ती घालवत नाही. नीट चालवत असाल तर ती आहे हे जाणवतही नाही. माझ्या मते ईएससी नसलेली ताकदवान गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

मुलगा ज्याला ‘अडास’ म्हणतोय तो दुसरा प्रकार. यात काचेमागचा कॅमेरा आणि बहुधा बंपरजवळचा रडार मिळून रस्ता ‘पाहतात’ आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधतात. 2023 च्या ह्युंदाई व्हर्नात दोन्ही आहेत, तर होंडा सिटीची सगळी भिस्त कॅमेऱ्यावर आहे. पुढच्या गाडीचं अंतर आणि वेग रडारला पक्का कळतो, पाऊस-धुक्याचाही त्याला कॅमेऱ्याइतका त्रास होत नाही. कॅमेऱ्याला वस्तूची ओळख पटते आणि रंगवलेले पट्टे दिसतात, पण मावळतीचं ऊन थेट काचेवर आलं किंवा काच चिखलाने माखली, की त्याचीही नजर आपल्यासारखीच अडते.

आता ही यंत्रणा आपल्या रस्त्यावर आणा. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखतं. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 28 मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांचं अंतर 56 मीटर झालं. पुणे-सातारा रस्त्यावर एवढी मोकळी जागा दिसली की कोणीतरी त्यात घुसणारच. मग तुमची गाडी वेग कमी करते, पुन्हा अंतर तयार करते, तोवर आणखी एक जण घुसतो. मागे बसलेल्यांना हे सारखे हिसके सहन होत नाहीत. लेन सांभाळणाऱ्या मदतीचंही तसंच. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडलात की ती स्टिअरिंग हलकेच परत ओढते. खड्डा चुकवताना इंडिकेटर कोण देतं? बहुतेक गाड्यांत ती बटणाने बंद करता येते. गावच्या रस्त्यावर खुशाल बंद ठेवा. समृद्धी महामार्गावर मात्र चालू करा. 701 किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता, 120 ची वेगमर्यादा आणि दुपारची झापड, अशा वेळी ती खरोखर कामाची आहे.

धडक टाळणारा आपोआप ब्रेक मात्र कुठल्याही रस्त्यावर बंद करू नका. मागच्या दिव्याविना चाललेली उसाची ट्रॉली त्याला प्रत्येक वेळी वेळेत ओळखता येईल असं नाही, पण तुमचं लक्ष क्षणभर उडालं तर आधी इशारा आणि मग ब्रेक, एवढं पुष्कळ आहे. वेग 60 वरून 100 वर गेला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ पावणेतीन पट होतं. गाडी वेगवान असेल तर ब्रेक अर्धा सेकंद आधी लागण्याची किंमत जास्त, हेच तुमच्या ‘कशासाठी’चं उत्तर.

अडास आहे म्हणजे गाडी मजबूत आहे, असंही समजू नका. स्लाव्हिया आणि व्हर्टस 2022 मध्ये आल्या तेव्हा त्यांत अडास नव्हतं, तरी पुढच्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत दोघींना पाच तारे मिळाले. व्हर्नालाही त्याच वर्षी पाच मिळाले.

राहिला रोजच्या वापराचा प्रश्न. या सेडान दिसतात तेवढ्या बुटक्या नाहीत. स्लाव्हिया-व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर आहे. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गाडी मागून खाली बसते, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरही जास्त असतं, आणि गावातल्या बेढब स्पीडब्रेकरवर तळ मधोमध घासतो. अशा ठिकाणी ब्रेक सोडून, जरा तिरकी गाडी काढावी. डिकी स्लाव्हियाची 521 लिटर, व्हर्नाची 528, म्हणजे जागेला तोटा नाही. खरी अडचण डिकीच्या तोंडाची: मोठी बॅग उचलून कडेवरून आत उतरवावी लागते. स्लाव्हिया-व्हर्टसच्या दीड लिटर टर्बोचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ड्राय क्लचचा आहे. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकत राहिलात तर क्लच तापतो, म्हणून पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मगच गाडी पुढे घ्यावी.

सगळ्यात मोठा मुद्दा मात्र वडीलधाऱ्यांचे गुडघे. सेडानच्या सीटवर खाली बसावं लागतं आणि उतरताना उठावं लागतं. ब्रोशरमध्ये हे कुठेच नसतं. टेस्ट ड्राइव्हला आई-वडिलांना न्या, मागे बसवा आणि दोन-चारदा उतरवून पाहा. त्यांना जड जात असेल तर मुलाचा हट्ट बाजूला ठेवा.

त्यांना जमलं, तर तुमच्या फेऱ्या पाहता आपोआप ब्रेक असलेल्या गाडीला माझी पसंती राहील. फक्त विकत घेण्याआधी विम्याबद्दल एक विचारून घ्या: दगड लागून पुढची काच फुटली तर नव्या काचेमागचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, तो खर्च पॉलिसीत धरला आहे का?