छातीतले दुखणे

मुलांनो, ताडोबाच्या जंगलाला लागून मोहर्ली हे गाव आहे. अशा गावात वरून धडधाकट दिसणाऱ्या तरुणाच्या छातीत एकाएकी दुखू लागले, की घरचे म्हणतात, “ओझे उचलले असेल, शेक घे.” पण चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. सिकल म्हणजे विळा. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. फुप्फुसात असे झाले, तर छाती दुखते, ताप येतो, दम लागतो. जीवही जाऊ शकतो. हा आजार आईवडिलांकडून येतो, शिवल्याने होत नाही. छाती दुखण्याची इतरही कारणे असतात. खरे कारण तपासणीतूनच कळते. म्हणून दुखणे अंगावर काढू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.