चुकलेली शर्यत, न चुकलेले कर्म

गीता-स्वाध्याय : अध्याय १७ व १८ यांच्या आधारे

विषयप्रवेश

मुंबईची मॅरेथॉन शर्यत २००४ साली सुरू झाली. त्यानंतर ठिकठिकाणी अशा शर्यती होऊ लागल्या, आणि ज्या घरांतून पूर्वी केवळ काकडआरतीसाठी कोणी पहाटे उठत असे, त्या घरांतून आता धावण्यासाठीही माणसे पहाटे बाहेर पडू लागली. ही गोष्ट आनंदाची आहे. समर्थांनी गावोगावी मारुतीची स्थापना करून समाजाला बलोपासनेकडे वळविले. तिचेच हे एक आजचे रूप म्हणावयास हरकत नाही.

परंतु जेथे उपासना आहे तेथे विघ्नही आहे. चार-चार महिने नेमाने तयारी करावी, आहार व निद्रा यांचे नियम पाळावे, आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली असता पाय दुखावा. डॉक्टरांनी तपासून ‘धावणे बंद’ असे सांगावे, हा अनुभव धावणाऱ्यांत मुळीच विरळा नाही. बाहेरून पाहणाऱ्यास तो क्षुल्लक वाटतो. ‘शर्यतच ना, पुढच्या वर्षी धाव’ असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. पण ज्याचा दिवस त्या एका तारखेभोवती बांधला गेला होता, त्याच्यापुढे अचानक रिकामा वेळ उभा राहतो; पहाटेचे सोबती दुरावतात; आणि ‘मी केले ते सारे फुकट गेले काय?’ हा प्रश्न त्याला झोपू देत नाही.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. कर्म आणि फल यांचा संबंध काय, हाच तो प्रश्न आहे. म्हणून गीतेच्या आधारे त्याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

दुखापतीचे स्वरूप

विचारापूर्वी वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. धावणाऱ्यांच्या दुखापती स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिली आकस्मिक. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे हा ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील आपला अग्रगण्य धावपटू. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई खेळांत त्याने सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे धावत असता पाण्याच्या अडथळ्याशी तो पडला, गुडघ्याच्या आतील अस्थिबंध दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. अशा दुखापतीत माणसाचा दोष शोधण्यात अर्थ नसतो.

दुसरी दुखापत साचत आलेली असते, आणि आपल्यासारख्या हौशी धावणाऱ्यांत तीच अधिक आढळते. नडगीच्या आतल्या कडेचे दुखणे, टाचेमागच्या धोंडशिरेची सूज, तळव्याची सकाळची कळ, गुडघ्याच्या वाटीभोवतीची वेदना, ही तिची नेहमीची रूपे. यांपैकी विशेष जपावयाची ती हाडाची केसासारखी बारीक चीर. धावण्याचा भार पडला म्हणजे शरीर हाडातील जुना भाग काढून तेथे नवा, अधिक बळकट भाग घालते. मात्र काढण्याचे काम आधी होते, भरण्याचे मागाहून. भरणे पुरे होण्यापूर्वीच भार वाढत गेला तर त्या जागी चीर पडते. हृदय व स्नायू काही आठवड्यांत कसाला उतरतात. हाडे व कंडरा यांना महिने लागतात. ‘मला दम लागत नाही, मग पाय का दुखावा?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दम तयार झालेला असतो, हाड अजून तयार झालेले नसते.

दुखणे बोटाने दाखविता येईल अशा एकाच जागी असेल, चालताना लंगडावे लागत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्रात अशी चीर दिसेलच असे नाही. म्हणून चित्र स्वच्छ आले एवढ्यावर निर्धास्त राहणेही बरोबर नाही. जांघेत खोलवर दुखत असेल तर अधिकच सावध असावे. मांडीच्या हाडाच्या मानेशी पडलेली चीर धावत राहिल्यास पूर्ण तुटू शकते, आणि मग गोष्ट एका शर्यतीची राहत नाही.

चार वाटा

दुखापत झाली, शर्यत हुकणार हे कळले, की मनापुढे चार वाटा येतात. त्यांतील तीन चुकीच्या कशा, हे गीतेच्या शेवटच्या दोन अध्यायांवरून फार स्पष्ट समजते.

पहिली वाट हट्टाची. वेदनाशामक गोळी घ्यावी, पायाला पट्टी आवळावी आणि शर्यत धावून टाकावी. या हट्टाला आपण ‘जिद्द’ असे गोंडस नाव देतो. सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूढ आग्रहाने स्वतःच्या शरीराला पीडा देऊन केलेल्या तपाला भगवंतांनी तामस ठरविले आहे. तप म्हटले की देह झिजविणे, अशी आपली समजूत असते. गीतेची ती नाही. गोळीने वेदना लपते, चीर लपत नाही. शिवाय लांब शर्यतीत शरीरातील पाणी कमी झाले असता अशा गोळ्या मूत्रपिंडांवरही ताण आणतात.

दुसरी वाट वैतागाची. ‘माझ्या नशिबीच नाही’ असे म्हणून धावणे, व्यायाम, पहाटेचे उठणे, आहाराचा नेम, सारेच टाकून द्यावयाचे. हा त्यागच आहे. पण अठराव्या अध्यायात मोहामुळे केलेल्या कर्तव्याच्या त्यागाला तामस त्याग म्हटले आहे. हातचे एक फळ गेले म्हणून झाडच उपटावे, तसे हे आहे.

तिसरी वाट अधिक सूक्ष्म, म्हणून अधिक फसवी. मनुष्य डॉक्टरांचे ऐकतो, धावणे थांबवितो. परंतु फिजिओथेरपिस्टने सांगितलेले कंटाळवाणे व्यायाम मात्र चार दिवसांनी सोडून देतो. टाचा उचलण्याचे व्यायाम, एका पायावर तोल धरून उभे राहणे, मांडीच्या स्नायूंचे लहान लहान ताण, यांत ना टाळ्या, ना पदक. थोडे दुखतेही. देहाला क्लेश होतात म्हणून कर्म टाळणे, यालाच गीतेने राजस त्याग म्हटले आहे, आणि अशा त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही असेही सांगितले आहे. व्यवहारातही तसेच दिसते. पाय बरा होतो, पण ज्या दुबळेपणामुळे दुखापत झाली तो तसाच राहतो, आणि पुढच्या वर्षी तेच दुखणे परत येते.

चौथी वाट सात्त्विक त्यागाची. यात कर्म सोडावयाचे नसते. सोडावयाची असते ती आसक्ती आणि फलाची अपेक्षा. धावणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ अगदी सरळ आहे. शर्यत हे फळ होते, ते सोडून द्यावे. शरीर बलवान व निरोगी ठेवणे हे कर्म होते, ते चालू ठेवावे. केवळ त्याचे रूप बदलले. काल ते रस्त्यावर दहा किलोमीटर धावण्याचे होते. आज ते चटईवर पडून पाय उचलण्याचे आहे. दोन्हींत थोरले-धाकटे कोणी नाही.

येथे पुंडलिकाची कथा आठवते. साक्षात पांडुरंग दारी आला असताही त्याने आईबापांची सेवा अर्धी टाकली नाही. वीट पुढे केली आणि देवाला थांबविले. हाती असलेले कर्म पुरे करण्यासाठी जर देव थांबू शकतो, तर शर्यत एक वर्ष थांबावयास काय हरकत आहे?

एका धावपटूचे चरित्र

इथिओपियाचा अबेबे बिकिला हे या विचाराचे उत्तम उदाहरण आहे. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये तो ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला. १९६४ साली टोकियोच्या शर्यतीपूर्वी पाच-सहा आठवडे त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तो धावू शकेल अशी फारशी कोणास आशा नव्हती. तो धावला, २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत पोहोचला, आणि ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा पहिला पुरुष ठरला.

कथा येथे संपविली तर तिचे तात्पर्य ‘दुखण्याकडे दुर्लक्ष करा, यश मिळते’ असे निघेल. आणि बहुतेक सांगणारे ती येथेच संपवितात. पण १९६८ साली मेक्सिको शहरात हाच बिकिला पायाच्या हाडाची दुखापत घेऊन उभा राहिला, आणि सतराव्या किलोमीटरच्या सुमारास त्याला शर्यत सोडावी लागली. सुवर्णपदक त्याचाच देशबांधव मामो वोल्दे याने मिळविले. माणूस तोच, निष्ठा तीच. एका वेळी फळ आले, दुसऱ्या वेळी आले नाही. फलावर आपला अधिकार नाही, हे याहून अधिक स्पष्ट कसे सांगावे?

पुढे १९६९ साली मोटार उलटून त्याच्या कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांनी त्याला जगभर नाव दिले, ते कायमचे गेले. तथापि १९७० साली तो इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अपंगांच्या खेळांत चाकांच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरला. १९७३ साली त्याचे निधन झाले. धावणे गेले, पण खेळाडूचे कर्म त्याने सोडले नाही; पायांचे कर्म हातांकडे आले. आपल्यापुढील तीन आठवड्यांच्या किंवा तीन महिन्यांच्या विश्रांतीचा विचार या चरित्राशेजारी ठेवून पाहावा.

विश्रांतीतील साधना

आता प्रत्यक्ष आचरणाचा विचार करू.

प्रथम, विषादाला जागा द्यावी. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि त्यालाही ‘योग’ असेच नाव मिळाले. कारण अर्जुनाने तो श्रीकृष्णापुढे मोकळा केला आणि विचारू लागला. वाईट वाटते हे कबूल करण्यात कमीपणा नाही. मनात दडपलेला विषाद मात्र पुढे हट्टाचे किंवा वैतागाचे रूप घेतो.

दुसरे, पहाटेची वेळ मोडू देऊ नये. धावण्याच्या वेळेस उठावे आणि तीच वेळ सांगितलेल्या व्यायामाला द्यावी. डॉक्टरांची अनुमती असेल तर पोहणे, कमरेइतक्या किंवा अधिक खोल पाण्यात चालणे, जागेवरची सायकल चालविणे, यांनी दम टिकून राहतो. पहिल्या दहा-बारा दिवसांच्या खंडाने कमावलेली शक्ती फारशी उतरत नाही. त्यापुढे ती हळूहळू उतरते, परंतु एकदा कसलेले शरीर पुन्हा लवकर तयार होते. ‘सारे फुकट गेले’ ही समजूत शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही खरी नाही.

तिसरे, परत येताना घाई नसावी. नडगीच्या हाडाची चीर भरून येण्यास सामान्यतः सहा ते आठ आठवडे लागतात. काही ठिकाणी अधिक. प्रथम दुखल्याशिवाय चालता आले पाहिजे, मग एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे क्रमाक्रमाने वाढवावे. दुखू लागले की एक पायरी मागे यावे. आहार, विहार, निद्रा व जागरण यांत जो प्रमाण राखतो त्याचाच योग दुःखनाशक होतो, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. हे प्रमाण धावण्यासही लागू आहे.

चौथे, आपला क्रमांक गुपचूप दुसऱ्याच्या छातीवर लावून त्यास धाववू नये. असे सर्रास चालते. परंतु वाटेत त्यास काही झाले तर वैद्यकीय पथकापुढे नाव, वय व प्रकृतीची माहिती भलत्याच माणसाची येते. संयोजकांच्या नियमांत प्रवेश पुढील वर्षी नेण्याची सोय असल्यास ती घ्यावी. नसल्यास ती रक्कम सोडून द्यावी. हाही त्यागच.

आणि शर्यतीच्या दिवशी घरी कुढत बसू नये. पाय उभे राहण्याइतका बरा असेल तर पाणी वाटणाऱ्या मंडळींत सामील व्हावे. वारीच्या वाटेवर पाण्याची घागर घेऊन उभे असलेले लोक पंढरीस पोहोचत नाहीत. पण त्यांची वारी घडली नाही असे आपण कधी म्हणत नाही. ज्याने स्वतः तहान सोसली आहे, त्याच्या हातचा पेला धावणाऱ्यास योग्य वेळी मिळतो.

घरच्या मंडळींनीही एवढे करावे की, ‘सांगितले होते, ऐकले नाहीस’ हे वाक्य तूर्त गिळावे. व्यायामाची आठवण द्यावी, डॉक्टरांकडे सोबत जावे, आणि दुखण्याखेरीज दुसऱ्या गोष्टीही त्याच्याशी बोलाव्यात.

तात्पर्य

शर्यत चुकली म्हणून कर्म चुकले असे नाही. प्रारंभाची रेषा आणि शेवटची रेषा ही संयोजकांनी आखलेली असते. त्यांच्या अलीकडे व पलीकडे जे रोजचे निष्ठेचे आचरण आहे, ते आपले. ते कोणत्याही दुखापतीने हिरावले जात नाही. आपण स्वतःच ते हट्टाने, वैतागाने किंवा आळसाने टाकून दिले, तरच ते जाते. श्रीकृपेने सर्वांचे चालणे-धावणे निर्विघ्न होवो. आणि विघ्न आलेच, तर विवेक जागा राहो.

मननासाठी प्रश्न

१. तामस तप आणि खरी जिद्द यांतील भेद आपल्या अनुभवातील एखाद्या उदाहरणाने सांगा.

२. तामस त्याग व राजस त्याग यांत फरक कोणता? दुखापतीनंतरच्या व्यायामाच्या संदर्भात तो दाखवा.

३. अबेबे बिकिलाच्या चरित्रातील १९६४ व १९६८ हे दोन प्रसंग शेजारी ठेवले असता कर्म व फल यांविषयी काय बोध होतो?

४. आपल्या घरी कोणाचे नित्याचे कर्म दुखण्यामुळे थांबले आहे काय? त्या कर्माचे दुसरे कोणते रूप त्यांना सुचविता येईल?