गुरांचे काम शिकण्याचा हिशेब

पूर्वी गाय माजावर आली की तिला वळूकडे न्यायचे. आता पुष्कळ गावांत फोन करतात. मोटारसायकलवरून एक माणूस येतो, कृत्रिम रेतन करतो, पैसे घेतो आणि पुढच्या गोठ्याकडे जातो. हे पाहून घरात बोलणे निघते, "आपला पोरगा हे शिकला तर?" पोरगा बारावी होऊन घरी बसलेला असतो. मग फीसाठी दावणीची म्हैस विकायचे ठरू लागते.

जरा थांबा. म्हैस बाजारात नेण्याआधी वही घ्या.

शिक्षण कोणते, ते आधी पाहू. एक वाट पदविकेची. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. ते २००० साली स्थापन झाले. त्याच्याशी जोडलेल्या संस्थांत पशुसंवर्धनाची पदविका मिळते. ही वाट लांबची, काही वर्षांची. सरकारी नोकरीच्या आशेने लोक ती धरतात. नोकरी लागली तर सोन्याहून पिवळे. पण भरती काही दर वर्षी निघत नाही. एखाद्या संस्थेचा माणूस "नोकरी पक्की" म्हणाला, तर त्याला विचारा : मागल्या वर्षी किती मुले शिकून गेली? त्यांतल्या किती जणांना आज पगार मिळतो? आकडा सांगायचा सोडून तो चहा मागवू लागला, तर चहा प्या आणि घरी या.

दुसरी वाट आखूड आहे. सरकारने २०१४ साली राष्ट्रीय गोकुळ अभियान सुरू केले. त्यात गावच्या तरुणांना रेतनाचे काम शिकवतात. त्यांना 'मैत्री' म्हणतात. शिक्षण तीन महिन्यांचे. एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष गुरांवर. प्रत्येकाच्या शिक्षणासाठी ३१,००० रुपयांपर्यंत आणि साहित्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. म्हणून खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. यंदा जागा आहेत काय, शिक्षणाची अट काय, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता खर्च मांडू. फी सगळ्यांना दिसते. पण एक खर्च पावतीवर येत नाही. मुलगा तीन महिने शिकायला गेला, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. रोज ४०० रुपये धरले आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर ३१,२०० रुपये होतात. फी माफ असली तरी हे गेलेच.

मिळकतीचे पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपल्याकडचे भाव घाला. समजा, वर्षाला ४०० रेतने झाली आणि दर वेळी २०० रुपये मिळाले. ८०,००० झाले. ऐकायला बरे वाटते. पण रेतमात्रेची कांडी, हातमोजा वगैरेला दर वेळी ५० रुपये, म्हणजे २०,००० गेले. पेट्रोल दर फेरीला ४०, म्हणजे १६,०००. रेतमात्रा उणे १९६ अंश थंडीत, द्रवरूप नत्राच्या भांड्यात ठेवाव्या लागतात. नत्र उडून जाते, ते भरावेच लागते. भांडे कोरडे पडले की आतला सगळा माल वाया. नत्राचे वर्षाला ४,८०० धरा. गाडीची दुरुस्ती आणि फोन, ६,०००. खर्च झाला ४६,८००. उरले ३३,२००.

हेही सगळे हातात येत नाही. "डेअरीचा पगार झाला की देतो," असे म्हणणारे प्रत्येक गावात असतात. कोण ते आपल्याला ठाऊक आहे! उधारीत ८,००० अडकले, तर राहिले २५,२००. महिन्याला २,१०० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही. जोडधंदा म्हणून ठीक.

हेच काम १,२०० वर गेले तर? उत्पन्न २,४०,०००. कांड्या-मोजे ६०,०००, पेट्रोल ४८,०००, नत्र ४,८००, गाडी-फोन १२,०००. उरतात १,१५,२००. काम तिप्पट, पण शिल्लक साडेतीन पटींजवळ गेली. का? नत्राचा खर्च तेवढाच राहिला, गाडीचाही तिप्पट झाला नाही. तेव्हा मिळकत ठरते ती आसपासच्या गुरांच्या संख्येवर. गोठे जवळजवळ असले तर पेट्रोलही वाचते.

लोक कोणाला बोलावतात, तेही पाहा. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. वेळ चुकली की तेवढे दिवस तिचा खुराक फुकट. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करतात. त्या वेळेला जो येतो त्यालाच पुन्हा फोन जातो. पोरगा सणावाराला, पावसात, रात्री निघणारा आहे काय? हे आईबापांइतके कोणाला ठाऊक?

एक मिळकत मात्र हिशेबात धरू नका. रेतनाला गेलेल्या माणसाला लोक म्हणतात, "आलाच आहेस तर तापाचीही सुई मार." पैसे मिळतात खरे. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा हक्क नोंदणी झालेल्या पशुवैद्याचा आहे. इतरांनी करायची ती किरकोळ कामे, तीही त्याच्या देखरेखीखाली. सुई मारली आणि गाय दगावली, तर गाईची किंमत कोण भरणार?

अभ्यास : आपल्या गावची आणि लगतच्या तीन गावांची दुभती गुरे मोजा. आज तिथे रेतनाला किती जण येतात ते लिहा. गुरांच्या आकड्याला त्या जणांत एक मिळवून भागा. उत्तराला दोनाने गुणा, कारण एका वेळेत गाय गाभण राहतेच असे नाही. ही झाली मुलाच्या वाट्याची वर्षाची रेतने. आता वरच्याप्रमाणे खर्च वजा करा, आणि उरलेला आकडा म्हशीच्या वर्षाच्या दुधाशेजारी लिहा.